गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना सांगा

“मुलगा आता संशय घेत नाही, एकटाच बडबडत नाही. पण हात थरथरतात, तोंड सारखं चघळल्यासारखं हलतं. गोळ्या बंद करू का?” तळेगाव ढमढेरे परिसरातून येणारे नातेवाईक मला हे नेहमी विचारतात. शंका रास्त आहे, उपाय मात्र घातक आहे.

स्किझोफ्रेनियावर १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आले, १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल सापडले. ही औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे काम रोखतात, म्हणून भास व संशय कमी होतात. पण शरीराच्या हालचालीही डोपामिनवरच अवलंबून असतात. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणे, डोळे वर लागणे असे घडू शकते. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठावा. इंजेक्शनने लवकर आराम पडतो. पुढे अंग ताठणे, कंप सुटणे किंवा पाय स्वस्थ न राहणे सुरू होते. रुग्ण येरझाऱ्या घालतो आणि घरच्यांना वाटते, आजार वाढला!

महिन्या-वर्षांनी दिसणारा त्रास म्हणजे टार्डिव्ह डिस्कायनेशिया. यात ओठ, जीभ, जबडा आपोआप हलत राहतात. वयस्कर माणसांना व स्त्रियांना याचा धोका अधिक. गोळ्या एकदम थांबवल्या तर या हालचाली वाढू शकतात, आणि मूळ आजार उलटतो तो वेगळाच.

कंपासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी तोंडाच्या या हालचालींवर चालत नाही, उलट त्या वाढवू शकते. शिवाय तिने स्मरणशक्ती मंदावते. म्हणून जुन्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षे घेऊ नये.

विसराळूपणा, लक्ष न लागणे हा मुळात या आजाराचाच भाग आहे. औषधे नव्हती त्या काळीही डॉक्टरांनी तो नोंदवला होता. “दूध डेअरीला घाल, येताना मीठ आण आणि मोटर बंद कर” अशी तीन कामे एका दमात सांगितली, की दोन राहतात. हा आळस नव्हे. एका वेळी एकच काम सांगा, कागदावर लिहून द्या, रोजची वेळ ठरवून द्या. रागावून काही साधत नाही.

महिन्यातून एकदा रुग्णाला खुर्चीवर स्वस्थ बसवा. तोंडात तंबाखू-सुपारी नाही ना, कवळी सैल नाही ना, हे पाहा. मग ओठ, जीभ, बोटे दोन मिनिटे न्याहाळा. काही दिसल्यास तारीख लिहून मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. क्लोझापिनने हा त्रास कमी होतो, मात्र रक्ततपासणी नियमित करावी लागते. त्रास लवकर लक्षात आला, तर तो आटोक्यात येण्याची शक्यता अधिक.

पुण्यात येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. शिवाय २०२२ पासून ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. गोळी बंद करण्याआधी एक फोन जरूर करा.