प्लेगच्या वर्षीची सुरत आणि आजची सुरत

मराठी वाचकाच्या मनातील सुरत बहुधा इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील असते. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० मधील स्वाऱ्या आणि त्यानंतर थेट डिसेंबर १९०७ मधील काँग्रेसचे अधिवेशन, ज्यात टिळकांचा जहाल पक्ष आणि मवाळ यांची फाटाफूट झाली. त्यानंतर ही नगरी मराठी माणसाच्या कथनातून जणू नाहीशी होते. वास्तविक मराठी माणूस सुरतेत मोठ्या संख्येने स्थिरावला तो यानंतरच. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज खान्देशातून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी नांदत आहे. या कुटुंबांच्या दैनंदिन जीवनात तीस वर्षांत काय बदलले, कशामुळे बदलले आणि काय तसेच राहिले, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

गेल्या दशकांची आजच्याशी तुलना करण्याची हौस जगभर आहे. अमेरिकेत १९५० च्या किंवा १९८० च्या दशकातील घर, मोटार, पगार आणि किराणा यांची आजच्या काळाशी तुलना करणारे लेखन विपुल आढळते. त्यात बहुधा वस्तूंची मोजदाद असते. सुरतेच्या बाबतीत तेवढी मोजदाद पुरत नाही, कारण येथील बदलाला एक निश्चित वळण आहे. ते वळण म्हणजे सप्टेंबर १९९४.

तापीच्या खोऱ्यातून तापीच्या मुखाकडे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे तापीच्या खोऱ्यात आहेत आणि सुरत तापीच्या मुखाजवळ. उधना ते जळगाव हा लोहमार्ग शंभर वर्षांहून जुना. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा अशी स्थानके घेत गाडी सुरतेला पोहोचते. नवापूरचे स्थानक तर दोन राज्यांच्या सीमेवरच उभे आहे. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातमध्ये. खान्देशातील शेतमजुराला पुण्या-मुंबईपेक्षा सुरत जवळची वाटली, यात नवल नाही.

स्थलांतराला दोन कारणे बळ देत होती. कोरडवाहू शेतीत वर्षभर काम मिळत नसे आणि धुळे, अमळनेर येथील जुन्या कापड गिरण्या डबघाईला आल्या होत्या. दुसरीकडे, जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर कापडधंद्याचा मोठा वाटा भिवंडी, मालेगाव, सुरत अशा यंत्रमागांच्या गावांकडे सरकला. सुरतेत कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा व्यवसाय झपाट्याने वाढत होता आणि त्याला हात हवे होते. १९९१ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकसंख्या असलेले हे शहर २०११ मध्ये ४४ लाखांच्या पुढे गेले. या वाढीत सौराष्ट्रातून हिऱ्यांच्या कामासाठी आलेले, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून मागांवर आलेले आणि खान्देशातून आलेले असे सारेच सामील आहेत.

१९९४ पूर्वीचा दिवस

त्या काळी अशा कुटुंबाचे घर म्हणजे बहुधा पत्र्याची एक खोली. पाणी सार्वजनिक नळावर किंवा हातपंपावर. घरातील बाईचा दिवस हंड्यांच्या रांगेपासून सुरू होई. स्वयंपाक स्टोव्हवर. रॉकेल मिळवण्यासाठी शिधापत्रिका लागे आणि ती बहुतेकांची गावाकडेच राहिलेली असे. वस्तीत गटारे उघडी, शौचालये अपुरी, कचरा रस्त्याच्या कडेला. पावसाळ्यात हे सारे एकत्र होऊन घराच्या उंबऱ्याशी येई.

घरातील पुरुष यंत्रमागावर बारा तासांची पाळी करी, दिवसाची किंवा रात्रीची. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरे. वीज गेली की माग थांबे आणि माग थांबला की मजुरीही थांबे. धोट्याच्या अखंड खडखडाटाने अनेकांना कमी ऐकू येऊ लागे. बायका घरी बसून साड्यांचे धागे कापणे, टिकल्या किंवा लेस लावणे अशी कामे नगावर करीत.

गावाशी संबंध पोस्टकार्ड आणि मनीऑर्डरने टिकून असे. निकडीच्या वेळी एसटीडी बूथ गाठावे लागे. रात्री उशिरा दर कमी होत असल्याने त्या वेळी बूथबाहेर रांग लागे. गावात फोन एखाद्याच दुकानात किंवा पोलीसपाटलाकडे असे, त्यामुळे ‘अमक्याला बोलावून ठेवा, पुन्हा करतो’ एवढे सांगण्यासाठीच पहिला कॉल खर्ची पडे.

सप्टेंबर १९९४

त्या वर्षी पावसाळा जोराचा होता. तापीला पूर आला, सखल वस्त्यांत पाणी साचले, मेलेली जनावरे आणि कचरा दिवसेंदिवस तसाच पडून राहिला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड, कतारगाम परिसरात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याच्या बातमीने शहर हादरले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. खासगी डॉक्टरांपैकी अनेकांनी दवाखाने बंद केले. काही दिवसांतच लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. खान्देशकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवरही माणसे बसली होती. काही देशांनी भारताची विमाने थांबवली.

देशभरात या साथीने घेतलेल्या बळींची संख्या पन्नासच्या आसपास होती. हा आजार प्लेगच होता का, यावर तेव्हा वैद्यकवर्तुळात वाद झाला. पुढे प्रयोगशाळांतील तपासण्यांनी प्लेगच्या जिवाणूला पुष्टी दिली. मात्र या घटनेचे महत्त्व बळींच्या आकड्यापुरते नाही. ज्या कामगारांच्या बळावर शहराची श्रीमंती उभी होती, त्यांना शहराने पाणी, गटार आणि झाडलोट यांतले काहीच दिलेले नाही, हे त्या आठवड्यांत उघडे पडले. घाणीला पत्ता विचारता येत नाही, ती झोपडीतून हवेलीपर्यंत जाते, हेही व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून रुजू झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले. रोज सकाळी वातानुकूलित दालनाऐवजी रस्त्यावर उतरून पाहणी करणे अधिकाऱ्यांना बंधनकारक झाले आणि दुपारच्या बैठकीत त्या पाहणीचा जाब द्यावा लागे. रात्रपाळीत रस्ते झाडण्याची पद्धत सुरू झाली. अस्वच्छ उपाहारगृहांना दंड झाला, अतिक्रमणे पाडताना वजनदारांनाही सोडले गेले नाही. झोपडवस्त्यांत पाणी, फरसबंदी, दिवे आणि शौचालये यांची कामे हाती घेतली गेली. दोन वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. पुढील अनेक आयुक्तांच्या काळातही ही घडी मोडली नाही, हे अधिक महत्त्वाचे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळवला.

संकटे मात्र संपली नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या प्रचंड विसर्गाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या वेळी पाणी ओसरल्यानंतरची सफाई तातडीने झाली आणि १९९४ ची पुनरावृत्ती टळली.

आजचा दिवस

आज लिंबायतमधील बहुसंख्य घरे पक्की आहेत. पत्र्याच्या खोलीवर मजले चढले, खालच्या मजल्यावर दुकान किंवा भाडेकरू आला. नळ घरात आहे, शौचालय घरात आहे. कचऱ्याची गाडी दारात येते. जानेवारी २०१४ पासून बीआरटीएसच्या बसगाड्या धावू लागल्या आणि मेट्रोचे खांब उभे राहत आहेत. मनीऑर्डरची जागा मोबाइलवरील पैसे पाठवण्याच्या सोयीने घेतली आहे. गावाकडच्या आजीचा चेहरा रोज पडद्यावर दिसतो. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण झाल्याने गाव अधिकच जवळ आले आहे.

सार्वजनिक जीवनातील स्थानही बदलले. मूळचे जळगाव जिल्ह्यातील सी. आर. पाटील हे नवसारी लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करतात. लिंबायत आणि उधना हे भाग याच मतदारसंघात मोडतात. २०२० मध्ये ते गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्तिमंत्री. लिंबायत विधानसभा मतदारसंघातून संगीता पाटील २०१२ पासून निवडून येत आहेत. एकेकाळी ‘बाहेरचे’ समजले गेलेले मतदार आता निकाल ठरवणारे ठरले आहेत.

जे बदलले नाही

तुलनेचा खरा कस येथे लागतो. घराबाहेरचा रस्ता बदलला तसा कारखान्याच्या दारामागचा दिवस बदललेला नाही. अनेक ठिकाणी धोट्याच्या मागांची जागा पाण्याच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या वॉटरजेट मागांनी घेतली. पण बारा तासांची पाळी, मीटरवरची मजुरी आणि नेमणूकपत्राचा अभाव हे बहुतांश कारागिरांच्या वाट्याला आजही आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. २०२५ मध्ये गुजरात सरकारने आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली. जे व्यवहारात होते, त्याला कायद्याची वाट मोकळी झाली. आठवड्याची मर्यादा पाळली जाते का, हे पाहणारी यंत्रणा मात्र तेवढीच तोकडी आहे.

एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीत मजुरी थांबली, तेव्हा सुरतेतील हजारो कामगार ‘गावाला जाऊ द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले. २६ वर्षांपूर्वी लोक आजाराच्या भीतीने पळाले होते, या वेळी भुकेच्या. दोन्ही वेळी संकटाच्या प्रसंगी आधार वाटला तो गावाचाच. शहराने नळ दिला, रस्ता दिला, मतही दिले. अडचणीच्या महिन्यात टिकून राहता येईल अशी निश्चिती मात्र अजून दिलेली नाही.

भाषेचा हिशेब

सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीसह हिंदी, उर्दू, मराठी, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. परराज्यातील मजुराच्या मुलाला त्याच्या भाषेत पहिली अक्षरे गिरवता यावीत, ही या व्यवस्थेमागील भूमिका आहे आणि ती कौतुकास्पद आहे. तथापि ऐपत वाढली तसा पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वळला. घरातील आजी अहिराणीत बोलते, आई मराठीत उत्तर देते आणि नात गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी व मोबाइलवर हिंदी वापरते.

तरीही श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा सारी गल्ली पुन्हा अहिराणी होते. रोटांचा नैवेद्य, रात्रीची जागरणे, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. पूर्वी हा उत्सव भाऊबंदांपुरता असे. सुरतेत त्याला मोठ्या मिरवणुकीचे रूप आले आहे. भाषा रोजच्या वापरातून मागे सरते आणि उत्सवात ठळक होते, हे परमुलखात वसलेल्या बहुतेक समाजांचे प्राक्तन असते.

गोव्यासाठी बोध

गोमंतकीय वाचकाला हा अनुभव परका नाही. मुंबईतील धोबीतलावच्या कुडांत राहून दर्यावर्दी झालेल्या गोमंतकीयांच्या पिढ्या येथे सर्वांना ठाऊक आहेत. आज गोवा स्वतः मजुरांना बोलावणारे राज्य आहे. बांधकामे, हॉटेले, मासेमारीच्या बोटी परराज्यातील हातांवर चालतात आणि त्यांच्या वस्त्या शहरांच्या कडेला वाढत आहेत. त्यांच्याविषयीची चर्चा मात्र बहुधा कचरा आणि गर्दी यांपाशी थांबते.

सुरतेने हा धडा मोठी किंमत देऊन शिकला. कष्टकऱ्यांच्या वस्तीत पाणी आणि गटार पोहोचवणे हा उपकार नसून साऱ्या शहराच्या आरोग्याचा पाया आहे, हे तिला प्लेगने शिकवले. धड्याचा दुसरा भाग, म्हणजे त्या वस्तीतील माणसाच्या कामाच्या तासांना आणि मजुरीला संरक्षण देणे, तिथेही अपुराच राहिला आहे. तीस वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या सुरतेची तुलना करताना नळाला आलेले पाणी मोजावे, तसेच बारा तासांनी घरी परतणाऱ्या माणसाची पावलेही मोजावीत. तरच हा हिशेब पुरा होईल.