अपुऱ्या दिवसांची जुळी आणि आईची रजा

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल वैद्यकाच्या हिशेबी अपुऱ्या दिवसांचे. जुळ्यांत हे पुष्कळदा घडते. अंगावर चरबी नसल्याने ऊब टिकत नाही. श्वासाचे संकट त्याहून मोठे. फुप्फुसातील बारीक पिशव्या मिटून चिकटू नयेत म्हणून गर्भात अखेरच्या आठवड्यांत एक द्रव्य पुरेसे तयार होते. या मुलांत ते कमी पडते, हे डॉ. मेरी एलेन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिले. आज ते नळीने फुप्फुसात सोडता येते. चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर दूधही नळीनेच. म्हणून ती काचेची पेटी, त्या तारा, त्या घंटा.

पण पेटी सर्व काही करीत नाही. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी मुले आईच्या उघड्या छातीशी बांधावयास लावली. गरिबाची तडजोड म्हणून निघालेली ही रीत जन्मल्याबरोबर सुरू करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले. आमच्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी काढली. म्हणजे आई हे औषधच ठरले.

आता हे औषध मिळावे कसे? वसईच्या गाळ्यात पॅकिंग करणाऱ्या बाईची मुले शीवला असली, तर ओल्या टाक्यांनी लोकल धरून दादरला गाडी बदलावी लागते. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे; आम्हांला रजेचा हिशेब आधी दिसतो. प्रसूतिरजा २६ आठवड्यांची. तिसाव्या आठवड्यात झालेली जुळी मूळ तारखेच्या सुमारास घरी येतात असे धरले, तर आठ-दहा आठवडे दवाखान्यातच सरले. घरी येतात ती नवजातासारखीच, आणि रजा मात्र सोळा-अठरा आठवडे उरलेली. खाजगी नोकरीतल्या बापाला तर कायद्याने एक दिवसही नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या गाळ्याची गोष्टच वेगळी.

१९६१ च्या कायद्यात एक महिन्याची जादा पगारी रजा होती; २०२० च्या संहितेतही ती आहे. पुष्कळ बायकांना ती ठाऊक नसते. मात्र ती अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आई आजारी पडली तर. मूल पेटीत आहे, एवढे कारण कायद्याला पुरत नाही. आमच्या मते प्रसूतिरजेतून दवाखान्याचे दिवस वगळले पाहिजेत, आणि ही मागणी युनियनांनी लेखी धरली पाहिजे.

तोवर एवढे करावे: मुलांना घरी सोडल्याच्या कागदाबरोबर आईच्या प्रकृतीचा वेगळा दाखला डॉक्टरांकडून मागून घ्यावा, आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी ठेवावी.