म्युझियमचं कोर्ट, कोर्टाचं म्युझियम

सेनेगलच्या डाकार शहरात एका म्युझियमचं कोर्ट झालं आणि पुढे एका कोर्टात चित्रं लागली. 1966 च्या एप्रिलमध्ये कवी-राष्ट्राध्यक्ष सेंगोर यांनी कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरवला. त्यासाठी समुद्रकाठी उभं राहिलेलं 'म्युझे दिनामिक' त्यांच्यानंतर न्यायालयाच्या ताब्यात गेलं. शहराचं जुनं न्यायालय मात्र ओस पडलं होतं. 2016 मध्ये 'डाक-आर्ट' या द्वैवार्षिक प्रदर्शनाने तिथेच मुक्काम टाकला.

काय दाखवायचं हे ठरवणारे हातही असेच बदलत गेले. सेंगोरांच्या वेळी सरकार निवडायचं. 1977 मध्ये हाच महोत्सव नायजेरियात लागोसला भरला, तेव्हा निवड देशोदेशींच्या पथकांकडे आली. जुन्या बेनिन राज्यातल्या राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा हे त्याचं मानचिन्ह होतं. ब्रिटिश म्युझियमने मूळ मुखवटा दिला नाही, तेव्हा नायजेरियाने प्रतिकृती घडवून घेतली. मग क्युरेटर आले. 1997 चं दुसरं जोहान्सबर्ग बिएनाले ओक्वी एन्वेझर यांनी रचलं, पण पैशाअभावी ते मुदतीआधीच गुंडाळावं लागलं आणि तिसरं कधी झालंच नाही. त्याच एन्वेझरांनी 2002 मध्ये जर्मनीतलं डॉक्युमेंटा प्रदर्शन सांभाळलं. घरी दिवाळं, परदेशी मान. हे आपल्यालाही नवं नाही.

'डाक-आर्ट' 1992 पासून सरकारी पैशावर चालतं आणि 1996 पासून ते आफ्रिकी व आफ्रिकी वंशाच्या कलावंतांचं झालं. त्याची खरी गंमत मात्र 'ऑफ'मध्ये आहे. अधिकृत निवडीबाहेरचे कलावंत हॉटेलं, घरं, दुकानं, अंगणं, मिळेल तिथे चित्रं लावतात. डाकारसमोरच्या गोरे बेटापर्यंत हा पसारा जातो. बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या आम्हा मराठी मंडळींना हे कळायला सोपं आहे. रिंग रोडच्या काचेच्या इमारतींत चित्राला जागा आहे ती लिफ्टशेजारी. जानेवारीतल्या एका रविवारी कुमारकृपा रोडवर 'चित्रसंते' भरते, तिथे मात्र चित्रकार स्वतःच चित्राजवळ बसून भाव सांगतो. दर्जा खालीवर असतो, पण गर्दी हटत नाही. मला वाटतं, क्युरेटर हवाच. फक्त दार त्याच्या एकट्याच्या हाती नको.

2024 मध्ये डाकारला या म्हणण्याची परीक्षाच झाली. मे महिन्यातलं 'डाक-आर्ट' नव्या सरकारने ऐनवेळी नोव्हेंबरवर ढकललं. 'ऑफ'वाल्यांपैकी अनेकांनी वाट पाहिली नाही; त्यांची प्रदर्शनं मे महिन्यातच उघडली.