पावसाळी डोंगरावरील द्राक्षबाग

ग्रीस हा कोरड्या उन्हाळ्याचा देश होय. तथापि त्याच्या वायव्येस एपिरस प्रांतात समुद्रावरून येणारे ढग पिंडस पर्वतास अडतात व भरपूर पाऊस पडतो. तेथील झित्सा गावाभोवती, ६०० ते ७०० मीटर उंचीवर, देबिना जातीची पांढरी द्राक्षे पिकतात. थंड हवेमुळे फळात साखर बेताचीच भरते, परंतु आंबटपणा टिकतो. हा दोष मानू नये. फेसाळ मद्यास असाच रस लागतो. १९७२ साली झित्सा हे नाव तेथील मद्यासाठी कायद्याने राखण्यात आले.

अशा हवेत खरी धास्ती केवड्याची. पाने फार वेळ ओली राहिली की रोग शिरतो, आणि तो फुलोऱ्यावर आल्यास घडच हाती लागत नाहीत. नाशिककडील बागाइतदारांस हे सांगावयास नको! याकरिता फवारणीवरच विसंबून न राहता दाट फुटी वेळीच विरळ करून घडांभोवती वारा खेळता ठेवावा.