बाळंतीण आणि तंबाखूची तलफ

संत्र्याच्या नव्या पालवीवर मावा पडला की आपल्यातले पुष्कळ शेतकरी तंबाखूचा काढा फवारतात. तंबाखू भिजवायची, उकळायची, गाळून त्यात थोडा साबण घालायचा, की औषध तयार. मावा मरतो तो तंबाखूतल्या निकोटीन नावाच्या विषाने. फवारताना आपण तोंडाला फडके बांधतो आणि लेकरांना बांधापलीकडे पाठवतो. मग तीच तंबाखू घरातली बाळंतीण दाढेखाली धरते, तेव्हा आपण गप्प का बसतो?

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात बायका विडी-सिगारेट क्वचितच ओढतात. पण खर्रा, नस, गुडाखू आणि चुना लावलेली तंबाखू अनेक घरांत चालते. बाईने विडी ओढली तर गाव नावे ठेवते. तिने खर्रा खाल्ला तर कोणाला काही वाटत नाही. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतोच. धूर नाही म्हणून अपाय नाही, असे मात्र नाही.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली. ती २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. तंबाखू तोंडात धरणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झाले. आधीच अशक्त असलेल्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे.

यातली एक चांगली गोष्ट अशी की गरोदरपणात पुष्कळ जणी तंबाखू आपणहून सोडतात. वासानेच ओकारी येते, पोटातल्या जिवाची काळजी वाटते. खरा घसरण्याचा काळ बाळंतपणानंतर येतो.

गेल्या पावसाळ्यात बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला एका घरी गेलो होतो. सुनेने सात महिने खर्ऱ्याला हात लावला नव्हता. आता मात्र गालात गोळी होती. विचारले, तर आजीबाईच म्हणाल्या, “फादर, तिची दाढ दुखत होती, म्हून मीच चिमूटभर देल्ली.” वाईट कोणाच्याच मनात नव्हते. मायेच्या हाताने दिलेल्या त्या एका चिमटीने सात महिन्यांची मेहनत वाहून गेली.

असे का होते? याचे एक कारण बाईच्या शरीरातच आहे. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, शरीरात खूप वाढलेले असते. ते मुख्यतः वारेत तयार होते आणि गर्भ टिकवून धरते. त्यापासून शरीरात आणखी एक द्रव्य बनते, ते मेंदूला शांत करते. बाळंतपणात वार पडली की थोड्याच दिवसांत हे संप्रेरक एकदम उतरते. त्यातच रात्रीची जागरणे, अंगातला थकवा आणि मनाची उदासी. अशा वेळी जुनी तलफ डोके वर काढते. म्हणून तिला “मनाने कच्ची” म्हणणे हा अन्याय आहे.

यावरून डॉक्टरांना एक कल्पना सुचली. उतरलेले प्रोजेस्टेरॉन काही आठवडे औषध म्हणून दिले तर? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी गरोदरपणात सिगारेट सोडलेल्या ४६ बाळंतिणींवर हा प्रयोग केला आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष छापले. काहींना आठ आठवडे रोज दोन वेळा २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिले, बाकीच्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध घेणाऱ्यांना तलफ कमी आली आणि सवय परत लागायला जास्त दिवस लागले. पण हा लहान, पहिल्या पायरीचा प्रयोग होता. एवढ्यावरून उपचार सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. शिवाय तो सिगारेट ओढणाऱ्यांवर झाला, खर्रा खाणाऱ्यांवर नव्हे.

“हार्मोनची गोळी” म्हटले की आपल्या काही घरांत कुटुंबनियोजनाच्या गोळीची शंका येते. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखी कृत्रिम द्रव्ये असतात; या प्रयोगात शरीरात बनते तेच संप्रेरक दिले होते, आणि हेतू तलफ आवरण्याचा होता. तरीही मेडिकल दुकानातून ही गोळी स्वतःच्या मनाने आणू नये. बाळ अंगावर पीत असताना कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

औषधाची वाट न पाहता घरच्या माणसांना करता येईल असे पुष्कळ आहे :

१. सवा महिना बाळंतिणीच्या हाती तंबाखू, नस, गुडाखू कोणीही देऊ नये. दाढ दुखली तर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भराव्यात आणि दातांच्या डॉक्टरांकडे जावे. तोंड अळणी वाटले तर बडीशेप किंवा ओवा द्यावा. सुपारी देऊ नये. तीही अपायकारकच आहे.

२. नवऱ्याने व सासऱ्याने बाळाच्या खोलीत विडी ओढू नये. त्या धुराने लहान बाळांना न्यूमोनिया व कानाचे दुखणे जास्त होते. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडणेही तितकेच वाईट. नवऱ्याने स्वतःच तंबाखू सोडली तर बायकोचे अर्धे काम झाले.

३. रात्री बाळ रडले तर एखाद्या वेळी दुसऱ्याने उठावे. झोप मिळाली की तलफेचा जोर ओसरतो.

४. सवय परत लागलीच तर रागावू नये, पण अंगावरचे दूध तोडूही नये. निकोटीन दुधात उतरते हे खरे, तरीही बाळाला आईचेच दूध चांगले. तंबाखू सुटेपर्यंत निदान आधी बाळाला पाजावे, आणि खाल्ल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये.

५. आशाताईंना किंवा नर्सबाईंना लाज न धरता सांगावे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवाही आहे : १८००-११-२३५६.

संत्र्याचा बहार तोडून झाला की झाड थकते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच वेळी शेंडेमर लागते, आणि म्हणूनच आपण सल काढतो, आळे करतो, खत-पाणी देतो. फळ घेतले, आता झाडाचे काय व्हायचे ते होवो, असे म्हणणाऱ्याची बाग टिकत नाही. घरात बाळ आले की सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे लागतात. शेजारच्या खाटेवर त्याची आई आहे. पुढचे काही आठवडे तिच्याकडेही बघा.