पदक तालमीचं

बोर्मियो हे इटलीच्या आल्प्समधलं गाव. बर्फावरच्या शर्यतींसाठी ते प्रसिद्ध. १९८५ची स्कीइंगची जागतिक स्पर्धा तिथेच झाली होती. दोनच वर्षांनी, १९८७च्या ऐन उन्हाळ्यात, तिथे एकोणीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक बास्केटबॉल स्पर्धा भरली. १९७९ आणि १९८३च्या पहिल्या दोन्ही स्पर्धा अमेरिकेने जिंकल्या होत्या. बोर्मियोत युगोस्लाव्हियाने तिला एकदा नव्हे, दोनदा हरवलं. त्या संघात टोनी कुकोच, व्लादे दिवाच, साशा जॉर्जेविच आणि दिनो राजा होते. या विजयाबद्दल बहुतेक लिखाण दोनच सुरांत होतं: एक तर ‘अशी पिढी शंभर वर्षांत एकदाच’, नाहीतर ‘पुढे देशच फुटला, हाय दैवा’. दोन्ही सुरांत मुद्दा हरवतो. कुमारांच्या स्पर्धेतलं पदक पैलवानाचं कमी आणि तालमीचं जास्त असतं, आणि ते तसंच वाचायला हवं, असं मला वाटतं.

पुरावा त्या दोन सामन्यांतच आहे. गटातल्या सामन्यात युगोस्लाव्हियाने अमेरिकेला ११०-९५ असं हरवलं. कुकोचने तीन गुणांच्या रेषेबाहेरून बारा वेळा चेंडू टाकला आणि त्यातले अकरा टोपलीत गेले. त्याच्या एकूण ३७ गुणांपैकी ३३ असे लांबून आलेले. याला चमत्कार म्हणण्याआधी कॅलेंडर पाहावं. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा १९८४ मध्ये आली, अंतर ६.२५ मीटर. अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ती सरसकट लागू झाली १९८६-८७च्या हंगामात, तीही जरा आत, सुमारे सहा मीटरवर. म्हणजे युगोस्लाव्ह मुलं ऐन घडणीच्या वयात तीन वर्षं ज्या रेषेवर हात बसवत होती, तिच्याशी अमेरिकन मुलांची ओळख जेमतेम एका हंगामाची. शिवाय कुकोचची उंची दोन मीटरच्या वर. त्या काळात इतक्या उंच पोराला टोपलीखाली उभं करून रीबाउंड गोळा करायला लावण्याची रीत होती. याला मात्र ड्रिबल करायला, पास द्यायला आणि लांबून नेम धरायला शिकवलेलं होतं.

तरीही एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये. एखाद्या दिवशी हात बसतो. म्हणून मला अंतिम सामना जास्त बोलका वाटतो. काही दिवसांतच तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. आता नवलाई संपली होती, कुकोच काय करू शकतो हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि अमेरिकेच्या बाकावर प्रशिक्षक लॅरी ब्राउन होते, ज्यांनी पुढच्याच वर्षी कॅन्ससला महाविद्यालयीन विजेतेपद मिळवून दिलं. तरी निकाल ८६-७६. नशिबाचा डाव दुसऱ्यांदा इतका फरक देत नाही.

अमेरिकेने आपली खरी ताकद पाठवलीच नव्हती, हा नेहमीचा आक्षेप. तो पुरता टिकत नाही. त्या संघात गॅरी पेटन होता, ज्याची एनबीएच्या १९९०च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर निवड झाली. लॅरी जॉन्सन होता, १९९१च्या निवडीतला पहिला. दम आणि उडी यांत ही मुलं उणी नव्हती. पण आक्षेपात एक खरी गोष्ट दडलेली आहे: तो संघ त्या उन्हाळ्यापुरता जमवलेला होता. युगोस्लाव्हियाच्या याच पिढीने आदल्या वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्मुंडेनमध्ये युरोपीय ज्युनिअर विजेतेपद पटकावलं होतं. त्यामागे क्लबांची उतरंड होती. मोठ्या क्लबांचे बालगट, कुमारगट आणि एकाच पद्धतीने शिकवणारे प्रशिक्षक. दिवाच प्रिएपोलेचा, कोवळ्या वयात घर सोडून तो क्रालेवोच्या क्लबात गेला आणि तिथून बेलग्रेडच्या पार्टिझानमध्ये. कुकोच आणि राजा स्प्लिटच्या युगोप्लास्टिकाचे, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्याचं नाव मिरवणाऱ्या क्लबाचे. त्या क्लबाने १९८९ ते १९९१ अशी सलग तीन वर्षं युरोपचा करंडक जिंकला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुमारांच्या पदकाचा अर्थ लावायचाच कशाला, त्यातून पुढचं काही कळत नाही. ग्रीसने १९९५ मध्ये हीच स्पर्धा जिंकली; पण २००५ मध्ये त्यांना युरोपचं विजेतेपद मिळवून देणाऱ्यांतले दियामांतिदिस आणि स्पानुलिस १९९५ मध्ये अनुक्रमे पंधरा आणि तेरा वर्षांचे होते, सुवर्णसंघात नव्हतेच. स्पेनने १९९९ मध्ये लिस्बनला अमेरिकेला हरवलं तेव्हा पाउ गासोल संघात दुय्यम होता; २००६ मध्ये स्पेन जगज्जेता झाला तेव्हा तोच आधारस्तंभ. २००७ मध्ये नोव्ही सादला सर्बियाकडून हरलेल्या अमेरिकन संघात स्टेफन करी होता. व्यक्तीचं भविष्य पदकात दिसत नाही, हे कबूलच. पण ही उदाहरणं माझ्याच बाजूने बोलतात. माणसं बदलली, पुढची-मागची झाली, तरी ग्रीस आणि स्पेन वरच राहिले. पदकाने कोण मोठा होणार हे सांगितलं नाही. कुठे माणसं घडत आहेत एवढं सांगितलं.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या म्हणण्याला उत्तर हवं असेल तर खेळाडू सोडून प्रशिक्षकाकडे पाहावं. बोर्मियोत बाकावर होते स्वेतिस्लाव पेशिच. खेळाडू म्हणून साराएवोच्या बोस्ना क्लबाकडून १९७९चा युरोपीय करंडक जिंकलेले. ती सोनेरी पिढी हाताशी नसताना त्यांनी १९९३ मध्ये जर्मनीला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं, ज्याची जर्मनांनीही फारशी आशा धरली नव्हती. १९९५ मध्ये त्यांच्या अल्बा बर्लिनने कोराच करंडक जिंकला. त्या संघात बोर्मियोचा तेओमान अलिबेगोविच होता. २००२ मध्ये इंडियानापोलिसला पेशिच यांच्या संघाला जागतिक सुवर्ण. २०२३ मध्ये त्यांचा सर्बिया मनिलात अंतिम सामना हरला तो नेमका जर्मनीशी, ८३-७७. विद्या बाहेर नेली की ती कधीतरी अशी उलटून समोर येते.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर तर या तर्काची नको तितकी कठोर परीक्षा झाली. १९९१ मध्ये रोमला युरोपीय स्पर्धा चालू असतानाच स्लोव्हेनियाच्या यूरे झ्दोव्त्सला संघ सोडावा लागला. उरलेल्यांनी सुवर्ण घेतलं. पुढच्या वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कुकोच आणि राजा क्रोएशियाकडून रौप्य जिंकले, आणि निर्बंधांमुळे दिवाचच्या देशाला संघच उतरवता आला नाही. मग १९९५ची युरोपीय स्पर्धा, अथेन्स. जॉर्जेविचने लिथुएनियाविरुद्ध अंतिम सामन्यात ४१ गुण केले आणि युगोस्लाव्हियाचं उरलेलं अर्धं सुवर्णपदकासाठी उभं राहिलं, त्यात दिवाच. कांस्यपदकाच्या पायरीवर क्रोएशिया, त्यात कुकोच आणि राजा. आठ वर्षांपूर्वी एकाच जर्सीतले हे चौघे तीन पायऱ्यांच्या त्या चौथऱ्यावर पुन्हा जवळ आले. सुवर्णपदकं द्यायची वेळ आली तसे क्रोएशियाचे खेळाडू खाली उतरले आणि बाहेर निघून गेले.