खुब्याची साक्ष

शरीरात बसवावयाच्या उपकरणाची पारख करताना त्याविषयी झालेले सारे संशोधन चाळावे लागते. सोयीचे तेवढे वेचणे म्हणजे चाळणे नव्हे.

डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूचा खुबा घ्या. तो वारंवार बदलावा लागतो, हे ऑस्ट्रेलियाच्या सांधेरोपण नोंदवहीत २००७ पासून दिसत होते. तेथून तो डिसेंबर २००९ मध्ये उठला. जगभरातून परत बोलावला गेला तो ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर आपल्या देशातही तो बसविला जात होता.

म्हणून शोधापूर्वीच प्रश्न कागदावर मांडावा: रोगी कोण, उपकरण कोणते, तुलना कशाशी, परिणाम कोणता. कोठे व कोणत्या शब्दांनी शोधणार, हेही लिहावे. पबमेड, कॉक्रेन पाहिले तरी नोंदवह्या सुटू नयेत. दोघांनी वेगवेगळे वाचावे. लेख वगळल्यास कारण नोंदवावे. खातेचौकशीत बसलेल्या आम्हां कामगारांना यातले मर्म चटकन कळते. मालकाचेच साक्षीदार बोलावले, तर निकाल आधीच लिहिलेला असतो!

अभ्यासाचा खर्च कोणी केला, रोग्यांवर किती वर्षे लक्ष ठेवले, हेही पाहावे. दोन वर्षे टिकलेल्या खुब्यावरून दहा वर्षांची हमी निघत नाही. म्हणूनच उपकरण विक्रीत आहे तोवर हा शोध ठराविक काळाने पुन्हा करावा लागतो.